आरे-वारेच्या वळणावर भेटलेले टिळक

आजचं वाचन: १ तीमथ्य ३:१-७



आजच्या वचनात पौल मंडळीतल्या सेवकाची लायकी सांगतो. यादी मोठी आहे, पण मधेच तो एक साधा प्रश्न विचारतो आणि आपली बोलती बंद होते. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार, अशा अर्थाचा. हा भाग मी युवक संघात दोनदा शिकवलाय. तिसऱ्यांदा तो मला शिकवला गेला, तो मागच्या शनिवारी, रत्नागिरीजवळ आरे-वारेला.

बायकोचं माहेर रत्नागिरीचं. चार दिवस सुट्टी घेऊन आम्ही पुण्याहून गेलो होतो. घरून निघतानाच आमच्यात धुसफूस होती. कारण तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मी येत्या रविवारी संघातल्या आठ मुलांना घरी जेवायला बोलावलं होतं आणि हे तिला ग्रुपवरच्या मेसेजमधून कळलं. वर मेच्या शिबिरात तिने स्वयंपाकाची बाजू सांभाळावी, असं मी पाळकसाहेबांना सांगूनही टाकलं होतं. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, की या वेळी ती शिबिराला येणार नाही. मग शिरगाव सुटल्यापासून साखरतरची खाडी ओलांडून काळबादेवी येईपर्यंत मी गाडी चालवता चालवता सेवा, समर्पण आणि आनंदाने देणं यावर बोलत राहिलो. लेक मागच्या सीटवर झोपली होती. बायको खिडकीबाहेर बघत होती.

आरे-वारेला रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो. एका वळणावर खाली दोन्ही किनारे दिसतात, एक आरेचा, एक वारेचा. पांढरी वाळू, मागे सुरूची झाडं, आणि दोन्हीकडे तोच समुद्र. आम्ही खाली उतरलो. तिथल्या पाण्याला ओढ फार, म्हणून लेकीला पाण्यात सोडलं नाही. ती वाळूत खड्डे खणत बसली आणि बायकोने पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे. तिच्या आईची प्रत.

मी लगेच उत्साहाने म्हटलं, की रेव्हरंड टिळक तर याच रत्नागिरी जिल्ह्यातले. तिने मान वर न करता विचारलं, की तुला कुठले टिळक माहीत आहेत, उपासना संगीतातले की घरातले?

खरं सांगायचं तर मला पहिलेच माहीत होते. तुमच्यापैकी बहुतेकांनाही तेच माहीत असतील. म्हणून आज दोन्ही सांगतो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, करजगावचा. वडील तापट, आई भाविक आणि कवितेची आवड असलेली. आई लवकर गेली आणि या मुलाचं घर तिथेच सुटलं. नाशिकला संस्कृत शिकला, कीर्तनं ऐकली, स्वतःही कविता करू लागला. १८८० मध्ये लग्न झालं ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. ती तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लिहायला-वाचायला टिळकांनीच शिकवलं, तेही तुटक तुटक, कारण शिकवणाऱ्याचा राग नाकाच्या शेंड्यावर.

संसार कसला, गाठोडंच ते. आज या गावी नोकरी, उद्या ती सोडली. हातात पैसा आला की पुस्तकांवर जायचा, नाहीतर दारात आलेल्या कुणाच्यातरी हातावर. मनात आलं की टिळक घरातून निघून जायचे आणि कधी परततील याचा पत्ता नसायचा. लक्ष्मीबाईंनी हे सगळं लिहून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे कुठेही रडगाणं नाही. वाचताना आपण हसतो, आणि पान उलटल्यावर कळतं की ज्या बाईने हे लिहिलं तिच्या घरात त्या दिवशी शिधा नव्हता.

मग आगगाडीतला तो प्रसंग. राजनांदगावला नोकरीसाठी जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. धर्मावर बोलणं झालं आणि निघताना त्याने टिळकांना नवा करार दिला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासूनचं डोंगरावरचं प्रवचन टिळकांना सोडेना. देशावर प्रेम करणारा, जातिभेदाने अस्वस्थ झालेला हा माणूस त्या तीन अध्यायांपाशी थांबला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या साक्षींमध्ये गोष्ट साधारण इथे संपते. टाळ्या, प्रार्थना, शेवटचं गीत. पण बायकोने मला पुस्तकातली पुढची पानं वाचायला लावली.

त्या दिवशी लक्ष्मीबाई नवऱ्याला जिवंतपणी मुकल्या. पदरात लहान दत्तू. नवरा बाटला म्हणून नातेवाइकांत हाहाकार. सोवळ्यात वाढलेल्या बाईला हा घाव कसा बसला असेल, याचा विचार मी आजवर एकाही भाषणात केला नव्हता. चार-पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. टिळक पत्रं पाठवत राहिले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. १८६६ चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाबरोबर त्याचा जोडीदार राहायला तयार नसेल, तर ते लग्न कोर्टाकडून मोडून घ्यायची सोय त्या कायद्याने दिली होती. म्हणजे टिळकांना वाट मोकळी होती. दुसरं लग्न करून नवीन ख्रिस्ती संसार थाटता आला असता. ते त्या वाटेने गेले नाहीत. चिडका, उतावळा, एका नोकरीत न टिकणारा हा माणूस या एका बाबतीत मात्र थांबला.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या तेव्हा काही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळंओवळं तसंच. एका छपराखाली दोन चुली. आणि टिळकांनी तिची चूल विझवली नाही. विचार करा, बाहेर ज्यांच्या शब्दांनी माणसं हलत होती, त्यांना घरात रोज त्या दुसऱ्या चुलीशेजारी बसावं लागत होतं. मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्याच मनात प्रश्न आला, की जात देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांचं त्यांनाच सापडलं. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही हातचं खाल्लं. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या मागे फरफटत गेल्या नाहीत त्या. स्वतःच्या पायांनी चालत आल्या, थोड्या उशिरा, पण त्यामुळेच पक्क्या.

मी वाचत होतो आणि मला काळबादेवीपर्यंतचं माझं प्रवचन आठवत होतं.

तरी अजून एक भाग बाकी होता, आणि तो थेट आपल्या युवक संघाला लागतो. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगरचं घर म्हणजे धर्मशाळा. अनाथ मुलं, विद्यार्थी, येणारे-जाणारे. त्यातच एक तरुण कवी आला, त्र्यंबक बापूजी ठोमरे. आपण त्याला बाळकवी म्हणून शाळेत शिकलो. टिळकांनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तो हिंदूच होता आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिला. त्याला घरात जागा मिळाली ती कुठल्याही अटीवर नाही. टिळक दांपत्याने तरुणांमध्ये केलेली सेवा मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसते. ना स्टेज, ना बॅनर. एक ताट जास्त, एक अंथरूण जास्त.

पण ते ताट वाढणारे हात कुणाचे होते? फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र टिळकांना ओळखतो. त्या मुलांची आजारपणं, रुसवेफुगवे, भूक हे लक्ष्मीबाईंनी पाहिलं. टिळकांना माणसं गोळा करायची हौस होती आणि लक्ष्मीबाईंना त्यांचं पोट कळत होतं. दोघांचं मिळून ते एक काम होतं. फरक एवढाच, की अर्ध्या कामाला नाव मिळालं आणि अर्ध्याला उशिराने, तेही त्या बाईने स्वतः लिहिलं म्हणून.

शेवटची वर्षं सांगतो. टिळकांनी कीर्तन आणि अभंग उपासनेत आणले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. ज्ञानोदयच्या मराठी भागाचं संपादन केलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताभोवती एकत्र बसावं, ही त्यामागची कल्पना. १९१८ च्या मे महिन्यात बाळकवी रेल्वेच्या अपघातात गेले. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळक मुंबईत गेले.

त्यांच्या मागे ख्रिस्तायन अर्धवट राहिलं होतं. येशूचं ओवीबद्ध चरित्र. साधारण अकरा अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय कुणी लिहिले माहितीये? शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी. शेवटचा देवदत्तने, म्हणजे त्याच लहानग्या दत्तूने. एकूण ७६. १८९५ मध्ये जो विश्वास या घराला मोडून गेल्यासारखा वाटला, त्याच विश्वासाचं पुस्तक त्या घरातल्या तिघांनी मिळून पुरं केलं. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी लगेच धडा काढतो. तिथे वाळूत बसूनही काढलाच. बायकोला म्हटलं, की बघ, लक्ष्मीबाईंनी किती केलं! तिने पुस्तक मिटलं आणि शांतपणे सांगितलं, की धडा तिच्यासाठी नव्हता. लक्ष्मीबाईंनी काय केलं हे तिला माहीत आहे, ती स्वतः दर रविवारी करतेच. टिळक थांबले होते, एवढंच तिला दाखवायचं होतं.

समुद्र समोर होता म्हणून बरं. तिकडे बघत बसता आलं.

मी पौलाचं ते वाक्य नेहमी मुलांना शिस्त लावण्याबद्दल समजत आलो. घर सांभाळणं म्हणजे घर ताब्यात ठेवणं. पण टिळकांच्या घरात ताबा कुठे होता? रागावर नव्हता, पैशावर नव्हता. तरी ते घर टिकलं, कारण दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचा विश्वास त्याच्या वतीने जगायला गेलं नाही. आणि मी? मी बायकोचं समर्पण तिला न विचारता पाळकसाहेबांना देऊन आलो होतो. देणारी ती, आणि देवाघरी पावती माझ्या नावाची.

तिथूनच ग्रुपवर मेसेज टाकला, की रविवारचं जेवण रद्द, चूक माझी, घरी विचारलं नव्हतं. पाठवल्यावर तिला दाखवला. तिने वाचला आणि विचारलं, की मग त्या हॉस्टेलवरच्या मुलाचं काय? त्याची रविवारी संध्याकाळची मेस बंद असते. हे मला ठाऊकच नव्हतं. वर्षभर तो माझ्या संघात आहे. शेवटी ठरलं, की तो एकटा येईल. भात मी लावीन.

शिबिराचं उत्तर तिने अजून दिलेलं नाही. मी पुन्हा विचारलेलंही नाही. पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, की मी घाईने बोललो होतो, दुसरी सोय बघूया.

परत निघताना ते वळण पुन्हा आलं. लेक जागी होती. तिने विचारलं, की यातलं आरे कुठलं आणि वारे कुठलं? मी सांगायला तोंड उघडलं आणि गप्प झालो. तिच्या आईला विचार म्हटलं. तिचं माहेर आहे, तिला जास्त माहीत.

आज एवढंच करा: तुमच्या सेवेचा भार घरात कोण उचलतंय, त्या माणसाचं नाव मनात आणा. आई असेल, बहीण असेल, नवरा किंवा बायको असेल. आज त्यांना काही शिकवू नका. एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

प्रार्थना: हे प्रभू, बाहेर तुझं नाव घेताना घरात माझाच आवाज मोठा होतो. तो कमी कर. ज्यांनी माझ्यासाठी चूल पेटवली, त्यांची चूल मला दिसू दे. त्यांच्या पावलांनी चालायला मला शिकव, आणि घाई झालीच तर तू आमच्यासाठी किती थांबलास याची आठवण दे. आमेन.