शेख अब्दुल्ला अल-सालेम आणि नदीचे पाणी

दरवर्षी २५ फेब्रुवारीला कुवेतचे रस्ते निशाणांनी सजतात. १९५० साली याच दिवशी शेख अब्दुल्ला अल-सालेम अल-सबाह यांनी राज्यसूत्रे हाती घेतली, त्याचे हे स्मरण. स्वातंत्र्य आणि राज्यघटना यांचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु या वाळवंटी शहराने कोणाचे पाणी प्यावे, हा प्रश्नही त्यांच्याच कारकिर्दीत निकालात निघाला. त्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

त्यांचा जन्म १८९५ सालचा. त्या कुवेतला नदी नव्हती, ओढाही नव्हता. शामिया, हवल्ली येथील विहिरींचे पाणी पखालींतून आणि गाढवांच्या पाठीवरून गावात येई. वस्ती वाढली तसे ते अपुरे पडू लागले. मग उत्तरेकडील शत्त-अल-अरब नदीतून गलबते पाणी भरून आणू लागली आणि किनाऱ्यावरून ते कावडींनी घरोघर विकले जाऊ लागले. वारा पडला वा समुद्र खवळला की शहर तहानलेले राही. त्याच नदीकाठी फाव परिसरात सबाह घराण्याच्या खजुराच्या बागा होत्या. म्हणजे राजघराणे नदीवर बागाईतदार आणि समुद्रावर तहानलेले, अशी ती विलक्षण स्थिती होती.

शहराच्या पश्चिमेस सुमारे ३२ किलोमीटरवर जहरा हे शेतीचे गाव होते. विहिरींच्या पाण्यावर तेथे खजूर, लसूणघास आणि भाजीपाला पिके, व तो शहराच्या बाजारात येई. १९२० साली नज्दच्या इख्वान टोळ्यांनी जहरावर चाल केली, तेव्हा अब्दुल्ला यांचे वडील शेख सालेम तेथील तांबड्या किल्ल्यात वेढले गेले. वेढ्यातील लोकांना शत्रूइतकेच तहानेने छळले, कारण किल्ल्यातील पाणी पिण्याजोगे नव्हते. अब्दुल्ला तेव्हा पंचविशीत होते.

पुढील वर्षी वडील वारले आणि गादी चुलत बंधू शेख अहमद अल-जाबेर यांच्याकडे गेली. अब्दुल्ला यांनी जवळपास तीन दशके दुय्यम स्थानी काढली. १९३८ साली व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून निर्वाचित मंडळ स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. मंडळ अल्पायुषी ठरले. १९३९ साली नदीचे पाणी आणण्यासाठी रीतसर कंपनी निघाली, तरी नदी परक्या मुलखातलीच राहिली.

गादीवर आले तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. तेलाची निर्यात १९४६ पासून सुरू होती. १९५१ च्या करारान्वये नफ्याचा निम्मा वाटा राज्यास मिळू लागला आणि शहर झपाट्याने फुगू लागले. १९५७ च्या पहिल्या जनगणनेत सुमारे २ लाख ६ हजार लोकसंख्या मोजली गेली. १९६५ मध्ये ती सुमारे ४ लाख ६७ हजार झाली. इतक्या लोकांना गलबतांनी पाणी पुरवणे अशक्य होते.

पुढे दोन मार्ग होते. पहिला म्हणजे शत्त-अल-अरबचे गोडे पाणी जमिनीवरून थेट कुवेतपर्यंत आणणे. ब्रिटिशांचा या योजनेकडे कल होता, आणि पिण्यापलीकडे शेतीलाही पाणी मिळेल अशी आशा तीत होती. परंतु तिची किंमत केवळ पैशांत मोजायची नव्हती. बगदादच्या राजेशाही सरकारला उम्म कस्रच्या बाजूस बंदरासाठी जागा हवी होती. शिवाय फावच्या बागांच्या मालकीचा वाद इराकी न्यायालयांत चिघळलेला होताच. ज्या शेजाऱ्याकडे स्वतःच्या बागा सुरक्षित राहिल्या नाहीत, त्याच्या हाती शहराचा नळ कसा सोपवावा? पन्नाशीच्या दशकातील ती बोलणी तडीस गेली नाहीत.

दुसरा मार्ग समुद्राचा. १९५३ साली शुवैख येथे दररोज दहा लाख गॅलन गोडे पाणी देणारा निःक्षारीकरण प्रकल्प सुरू झाला. खाऱ्या पाण्याची वाफ करण्यासाठी इंधन जाळायचे आणि तीच वाफ थंड करून प्यायची, हा नदीकाठच्या माणसाला वेडगळ वाटावा असा उपाय. परंतु कुवेतकडे नदी नव्हती आणि इंधन मुबलक होते. १९५७ नंतर बहुटप्पी बाष्पीभवनाची नवी यंत्रे आली व उत्पादन वाढत गेले.

शेतकऱ्याच्या वाट्याला यातले काय आले? गोडे पाणी शहराचे झाले. सुलैबियासारख्या भागांतील भूगर्भातले मचूळ पाणी बागांना आणि शेतीला राहिले. जुन्या घरांत आजही गोड्या व मचूळ पाण्याच्या वेगवेगळ्या वाहिन्या दिसतात, त्या या वाटणीच्याच खुणा. जहराची शेती पुढे आक्रसली आणि गाव शहरात विरघळले. वाफरा व अब्दली येथे नवी शेते उभी राहिली, तीही प्रामुख्याने मचूळ पाण्यावर. पुण्याचे पिणे आणि दौंड-इंदापूरचे आवर्तन यांत एकाच खडकवासल्याचे पाणी कसे वाटावे, यावर दरवर्षी कालवा समितीत खडाजंगी होते. शेख अब्दुल्ला यांनी शहराचे पिणे त्या भांडणातूनच बाहेर काढले. हे शहाणपण होते, यात मला शंका नाही. मात्र शेतीला गोड्या पाण्याचा वाटा मिळण्याची जी एक संधी होती, तीही त्याबरोबर गेली.

या निर्णयाची कसोटी लवकरच लागली. १९ जून १९६१ रोजी कुवेत स्वतंत्र झाले आणि सहा दिवसांत इराकच्या अब्दुल करीम कासिम यांनी सबंध देशावर हक्क सांगितला. शेख अब्दुल्ला यांनी ब्रिटिश फौज बोलावली. पुढे तिची जागा अरब लीगच्या पथकांनी घेतली. शहराचा नळ त्या वेळी बसऱ्याच्या बाजूने बंद करता आला असता, तर पहिली तोफ डागण्याचीही गरज पडली नसती. तो तसा बंद करता येत नव्हता. पुढच्याच वर्षी ११ नोव्हेंबरला राज्यघटना मंजूर झाली.

तरीही नदीचे दार त्यांनी कायमचे लावून घेतले नाही. कासिम यांच्या पतनानंतर, १९६३ मध्ये इराकने कुवेतला मान्यता दिली आणि १९६४ साली शत्त-अल-अरबचे पाणी पुरवण्याचा करार झाला. ते पाणी कधीच आले नाही. २४ नोव्हेंबर १९६५ रोजी शेख अब्दुल्ला यांचे निधन झाले.

नदीची वाट पाहिली जात असतानाच एक योगायोग घडून गेला होता. १९६० साली बसऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामासाठी पाणी शोधताना उत्तरेकडील रौदतैन येथे वाळवंटाखाली गोडे पाणी लागले. ते पाणी कोपऱ्यावरच्या बकालात अजून बाटलीतून मिळते.