Explained: जॉर्ज ऑर्वेल यांच्या गळ्यात गोळी लागली, तरी आवाज परत कसा आला?

‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज ऑर्वेल यांचे खरे नाव एरिक ब्लेअर. त्यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतिहारीचा. स्पेनमधील यादवी युद्धात ते फ्रँको यांच्या फौजेविरुद्ध लढायला गेले होते.

नेमके काय घडले?

२० मे १९३७ च्या पहाटे वेस्का शहराजवळच्या खंदकात उभे असताना शत्रूची गोळी त्यांच्या गळ्यातून आरपार गेली. मेंदूला रक्त पुरवणारी मुख्य धमनी थोडक्यात बचावली, म्हणून जीव वाचला. पण आवाज गेला. त्यांना फक्त कुजबुजता येत होते. आवाज पुन्हा येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

आवाज का जातो?

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने कंप पावतात. त्यांना हलवणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली, की त्या बाजूचा स्वरतंतू लुळा पडतो. मधे फट राहून हवा निसटते. आवाज घोगरा आणि क्षीण होतो, ओरडता येत नाही, कधी पाणी पिताना ठसका लागतो. ऑर्वेल यांचा एक स्वरतंतू असाच लुळा पडला होता.

मग आवाज परत कसा आला?

सुमारे दोन महिन्यांनी ते पुन्हा बोलू लागले. अशा वेळी चांगला स्वरतंतू मध्यरेषा ओलांडून लुळ्या स्वरतंतूपर्यंत पोहोचायला शिकतो. आवाज मात्र पातळच राहिला.

मराठीशी नाते

१९४१ ते १९४३ या काळात ऑर्वेल बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागात होते. त्यांनी लिहिलेली युद्धवार्तापत्रे मराठीतही प्रसारित होत. मूळच्या महाराष्ट्रातील वेणू चितळे तिथे त्यांच्या सहकारी होत्या. ऑर्वेल स्वतःही माइकसमोर बोलत. पण त्यांचा आवाज रेडिओला योग्य नाही, अशी तक्रार एका वरिष्ठ अधिकाऱ्याने केली होती.

क्षयरोगाने २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही.

हे लक्षात ठेवा

आज अशा रुग्णांसाठी आवाजाचे व्यायाम, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया असे उपचार आहेत. गळ्याला मार लागून आवाज बदलला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठा. एरवीही आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.