तबल्याला स्वतःचे आसन मिळवून देणारे अहमदजान थिरकवा

१३ जानेवारी हा थोर तबलावादक उस्ताद अहमदजान थिरकवा यांचा स्मृतिदिन. उत्तर प्रदेशात जन्मलेला आणि रामपूर दरबारी मानाने राहिलेला हा कलावंत महाराष्ट्राला कधीच परका वाटला नाही. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी एका मराठी नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात काढली आणि बालगंधर्वांच्या गाण्याबरोबर त्यांचा तबला मराठी रसिकांच्या कानात बसला.

मुरादाबाद येथे १८९२ साली एका संगीतजीवी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तबल्याचे पहिले धडे घरातल्याच वडीलधाऱ्यांकडून मिळाले. पुढे ते मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांचे शागीर्द झाले. मुनीर खाँ हे बोलांचे भांडारच होते. दिल्ली, लखनऊ, फर्रुखाबाद अशा निरनिराळ्या परंपरांतील रचना त्यांनी अनेक उस्तादांची सेवा करून मिळवल्या होत्या. अमीर हुसेन खाँ, शमसुद्दीन खाँ, हबीबुद्दीन खाँ असे एकाहून एक वादक त्यांनी घडवले. मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ यांनी या मुलाची तबल्यावर नाचणारी बोटे पाहून त्याला थिरकवा म्हटले, असे सांगतात. हे लाडाचे नाव पुढे इतके रूढ झाले, की मूळ नाव मागे पडले.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली स्थापन झाली. नारायणराव राजहंस अर्थात बालगंधर्व यांना साथीदारही पहिल्या प्रतीचेच हवे असत. त्यांच्या मंडळीत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा असा योग जुळून आला. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’, ‘द्रौपदी’ ही त्या वैभवकाळातील नाटके. पदांवर ‘वन्समोअर’ पडत आणि प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत. अशा वेळी हाताशी अपार विद्या असूनही थिरकवा बहुधा साधा ठेकाच धरीत. बालगंधर्वांचे गाणे लयीशी लडिवाळपणे खेळे. शब्द किंचित मागे रेंगाळे आणि नेमका समेवर येऊन विसावे. त्या गाण्याला भरजरी बोलांपेक्षा न डळमळणाऱ्या, पण जिवंत लयीची गरज होती. दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत एखादी छोटी लग्गी वाजवायची आणि गायकाने तोंड उघडताच बाजूला सरायचे, हा त्यांचा रिवाज. मोठ्या वादकाला हा संयम अवघड जातो. प्रस्तुत लेखकाला त्यांची ही साथ त्यांच्या स्वतंत्र वादनाइतकीच थोर वाटते.

त्या काळी तबलजी म्हणजे गायकाच्या मागे बसणारा माणूस, अशीच समाजाची समजूत होती. कोठीवरील गाण्याशी या वाद्याचा संबंध असल्याने त्यात तुच्छतेचा अंशही असे. ही समजूत बदलण्यात थिरकवा यांच्या स्वतंत्र वादनाचा वाटा मोठा आहे. विलंबित त्रितालात पेशकार मांडून ते कायदा, रेला, गत अशा क्रमाने वादन फुलवीत. दिल्लीची चाटेवरची नाजूक बोटे आणि पूरब बाजाचा खुला, घुमारदार नाद हे दोन्ही त्यांच्या हातात एकत्र नांदत. लय कितीही चढली तरी प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू येई आणि डग्गा अखेरपर्यंत बोलता राही. वाजवण्यापूर्वी बोल म्हणून दाखवण्याची त्यांची पढंतही ऐकण्याजोगी होती. केवळ तबला ऐकण्यासाठी श्रोते मैफलीला बसू लागले, यात त्यांच्यासारख्या मोजक्या वादकांचे श्रेय आहे.

बोलपट आले तशी नाटक मंडळ्यांची घडी विस्कटली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट झळकला. कर्जाने गांजलेले बालगंधर्व स्वतः १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’च्या निमित्ताने पडद्यावर दिसले. थिरकवा यांना रामपूरच्या नवाबांचा आश्रय मिळाला. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ यांच्यासारख्या दिग्गजांची साथ त्यांनी केली. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, दरबार संपले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगणारे कलावंत उघड्यावर पडले. थिरकवा मात्र लखनऊच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापनास लागले. उस्तादाच्या घरी हुक्का भरून मिळवलेली विद्या आता वर्गात, तासांच्या वेळापत्रकात द्यायची होती. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळालाच होता. १९७० साली पद्मभूषणानेही त्यांचा गौरव झाला.

महाराष्ट्राशी असलेले नाते शिष्यांमुळे टिकले. ‘गुणीदास’ या नावाने बंदिशी रचणारे जगन्नाथबुवा पुरोहित गायक म्हणून प्रसिद्ध असले तरी तबला थिरकवा यांच्याकडे शिकले होते. जितेंद्र अभिषेकी, राम मराठे यांच्यासारख्या बुवांच्या शिष्यांपर्यंत तो लयीचा वारसा नकळत पोहोचला असावा, असे मानायला जागा आहे. लालजी गोखले, निखिल घोष आणि सुरेश तथा भाई गायतोंडे यांनी ती विद्या पुढील पिढ्यांना दिली.

उतारवयात थिरकवा पुन्हा मुंबईत आले आणि राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजेच एनसीपीएमध्ये, शिकवू लागले. जीव मात्र लखनऊत गुंतलेला होता. १९७६च्या जानेवारीत, मोहरमच्या दिवसांत ते लखनऊत होते. तिथेच १३ तारखेला त्यांनी अखेरचा श्वास घेतला.