फ्रँक स्प्राग : ब्रेकमधून वीज

सिग्नलजवळ वेग कमी करताना विजेवरच्या मोटारीची बॅटरी थोडी भरते. यामागची कल्पना रेल्वेसाठी विकसित करणाऱ्यांपैकी एक होते अमेरिकी अभियंता फ्रँक ज्युलियन स्प्राग.

स्प्राग यांचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी कनेक्टिकटमधील मिलफर्ड येथे झाला. नौदल अकादमीतून १८७८ मध्ये पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे नौदलात काढली. १८८३ मध्ये ते एडिसन यांच्याकडे रुजू झाले. पण एडिसन यांचा भर दिव्यांवर होता, तर स्प्राग यांचे मन मोटारीत. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

साध्या ब्रेकमध्ये गाडीच्या गतीची ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन वाया जाते. स्प्राग यांनी मोटारीलाच जनित्र बनवले. वेग कमी करताना चाके मोटार फिरवतात. त्यातून वीज तयार होते आणि गाडीही मंदावते. ही वीज पुन्हा पुरवठ्याच्या तारेत जाई.

१८८८ मध्ये रिचमंडच्या चढणीच्या रस्त्यांवर त्यांची ट्राम यशस्वी झाली. १८९७ मध्ये शिकागोत, अनेक डब्यांतील मोटारी एकाच चालकाने चालवण्याची पद्धत त्यांनी दाखवली. मुंबईची लोकल त्याच पद्धतीने धावते, आणि आता ब्रेक लावताना तारेत वीजही परत देते. २५ ऑक्टोबर १९३४ रोजी स्प्राग यांचे निधन झाले.

शहरात वारंवार थांबावे लागते, म्हणून तेथे या ब्रेकचा लाभ महामार्गापेक्षा अधिक मिळतो. मात्र अचानक जोरात ब्रेक दाबल्यास घर्षणाचे ब्रेकही लागतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. पुढचा सिग्नल पाहून आधीपासून वेग कमी करणे हिताचे.