एव्ही नेमेथ

एव्ही नेमेथ (जन्म : ७ जून १९४०, जून २०१३ मध्ये समुद्रात बेपत्ता) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकशास्त्राच्या अध्यापिका आणि ग्रंथकार होत्या. युनिक्स व तत्सम संगणकप्रणालींच्या व्यवस्थापनावर त्यांनी सहलेखकांसह लिहिलेला ग्रंथ त्या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. संगणक स्वतःच्या कामकाजाची जी नोंद ठेवतो ती किती काळ जपावी आणि केव्हा टाकून द्यावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. या ग्रंथाने त्याला स्वतंत्र प्रकरणाचा मान दिला.

शिक्षण व अध्यापन

नेमेथ यांनी १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली. पुढे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९७१ मध्ये त्यांना गणितातच डॉक्टरेट दिली. न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे आणि फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर १९८० मध्ये त्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील संगणकशास्त्र विभागात रुजू झाल्या व २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. १९८२ ते १९८६ या काळात महाविद्यालयाच्या संगणक केंद्राची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांच्या ग्रंथातील सल्ला वर्गातल्या फळ्यावरून आलेला नसून बंद पडलेल्या यंत्रांसमोर बसून मिळवलेला आहे, हे त्याच्या वाचकाला पदोपदी जाणवते.

हे केंद्र त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती सोपवले. पदवीपूर्व वर्गातील मुलामुलींना खऱ्या, चालू यंत्रांचा कारभार पाहू देण्याची त्यांची रीत होती आणि त्यांच्या गटात चौदा वर्षांची शाळकरी मुलेही असत. चुका होणार हे गृहीत धरूनच हे काम चाले. ॲपल कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या सहकार्याने त्यांनी होतकरू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीही सुरू केली. याशिवाय परिसरातील शाळांत जाऊन त्या स्वेच्छेने गणित शिकवीत.

ग्रंथरचना

'यूनिक्स सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन हँडबुक' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. गार्थ स्नायडर व स्कॉट सीबास हे तिचे सहलेखक होते. १९९५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ट्रेंट हाइन त्यांना येऊन मिळाले. तिसरी आवृत्ती २००० मध्ये आली. पुढे लिनक्ससाठी वेगळा ग्रंथ झाला आणि २०१० मध्ये दोन्ही ग्रंथ एकत्र करण्यात आले. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत प्रत्येक आज्ञेचे वर्णन असे, परंतु अमुक प्रसंगी काय करावे आणि काय करू नये, याचा निवाडा त्यांत सहसा नसे. नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो निवाडा निःसंकोचपणे दिला, प्रसंगी विनोदाची फोडणी देऊन. तांत्रिक ग्रंथाला असा सूर लाभणे ही दुर्मिळ गोष्ट होय.

नोंद-फायलींची व्यवस्था

युनिक्स प्रणालीत पार्श्वभूमीवर चालणारे अनेक कार्यक्रम आपापल्या कामाची नोंद करीत असतात. कोण आत आले, कोणाचा संकेतशब्द चुकला, कोणते टपाल पोहोचले आणि कोणते परतले, हे सारे ओळीओळीने फायलींत साठत जाते. अशा फाइलला लॉग म्हणतात. सुरुवातीस प्रत्येक कार्यक्रम आपली नोंद आपल्या मनाप्रमाणे करीत असे. बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-कार्यक्रमासाठी सिसलॉग ही सोय तयार केली, तेव्हा या नोंदींना एक सामाईक वाट मिळाली. नोंद कोणत्या विभागाची आहे आणि ती किती गंभीर आहे, हे सिसलॉगमध्ये सांगावे लागते. गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत. सर्वांत वरची पायरी यंत्रच निरुपयोगी झाल्याची असते, तर सर्वांत खालची केवळ दोष शोधणाऱ्याच्या उपयोगाची.

नोंद करणे सोपे असते. अडचण पुढे येते. फाइल वाढतच जाते आणि एके दिवशी डिस्क भरते. मग टपाल अडते, छपाई अडते आणि गंमत अशी की, हे का झाले याची नोंद करायलाही जागा उरत नाही. या बाबतीत निरनिराळ्या ठिकाणी काय चालते, याची उतरंड नेमेथ यांच्या ग्रंथात मांडली आहे. कोणी नोंदी लगेच फेकून देतात, कोणी ठरावीक काळाने फाइल रिकामी करतात, कोणी फायलींची फेरपालट करून काही दिवसांच्या नोंदी हाताशी ठेवतात, तर कोणी त्या दाबून, आकार लहान करून टेपवर कायमच्या जपतात. लेखकांचा कल साठवणुकीकडे आहे. निदान महिनाभराच्या नोंदी ठेवाव्यात, कारण आपल्या यंत्रात कोणी शिरले होते हे कळायलाच अनेकदा तितका काळ लागतो, असे त्यांचे सांगणे आहे. कचेरीतील दप्तराचे वर्ग पाडून प्रत्येकाची मुदत ठरवतात, त्याच जातीचा हा विचार आहे.

फेरपालटीची रीत साधी आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या जुन्या फाइलवर दुसरी येते, दुसऱ्या जागी पहिली सरकते, चालू फाइलला पहिला क्रमांक मिळतो आणि मूळ नावाची नवी, कोरी फाइल उघडली जाते. सर्वांत जुनी फाइल आपोआप गळून पडते. ग्रंथात यासाठी चारसहा ओळींची आज्ञावली दिलेली होती. हेच काम आता लॉगरोटेट किंवा न्यूसिसलॉग यांसारखे कार्यक्रम ठरल्या वेळी करतात.

नवशिका मात्र येथेच फसतो. युनिक्समध्ये फाइल आणि तिचे नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव निर्देशिकेत असते. प्रत्यक्ष मजकूर डिस्कवर कोठे आहे ही माहिती आयनोड नावाच्या वेगळ्या नोंदीत असते. कार्यक्रमाने एकदा फाइल उघडली की त्याचा संबंध आयनोडशी राहतो. म्हणून नाव बदलले तरी तो त्याच जुन्या फाइलमध्ये लिहीत राहतो आणि नवी फाइल कोरीच राहते. घाबरून कोणी ती अवाढव्य फाइल पुसून टाकली, तर नाव नाहीसे होते, पण कार्यक्रमाने ती उघडी धरलेली असेपर्यंत जागा मोकळी होत नाही. फाइल दिसत नाही आणि डिस्क तर भरलेली, असा चमत्कारिक देखावा समोर येतो. यावर उपाय म्हणजे फेरपालट झाल्यावर कार्यक्रमाला संकेत पाठवून फाइल नव्याने उघडायला लावणे. काही कार्यक्रमांना अशी सूचना कळत नाही. त्यांच्यासाठी फाइलची नक्कल करून मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करतात. परंतु या दोन क्रियांमधल्या क्षणी आलेल्या काही ओळी हरवू शकतात. सर्वच फायलींना हा नियम लावून चालत नाही. प्रत्येक वापरकर्ता अखेरचा केव्हा आला हे सांगणाऱ्या लास्टलॉग फाइलमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि तिच्यात नव्या ओळी साठत नाहीत, त्यामुळे तिची फेरपालट करण्याचे कारण नसते.

यंत्रात शिरलेला चोर आपल्या पाऊलखुणा पुसण्यासाठी आधी नोंदींवरच हात टाकतो. म्हणून महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत त्याच क्षणी दुसऱ्या, सुरक्षित यंत्राकडे पाठवावी, असा या क्षेत्रातील संकेत आहे. यंत्र बुडाले तरी नोंद तरते.

सागरी जीवन व अखेर

१९९८ पासून नेमेथ सॅन डिएगो येथे इंटरनेटच्या वाहतुकीचे मोजमाप करणाऱ्या कायडा या संशोधनगटाबरोबर काम करीत होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी वंडरलँड नावाच्या आपल्या शिडाच्या नौकेतून दूरदूरचे सागरी प्रवास केले. संगणकातील लॉग हा शब्दही समुद्रावरूनच आलेला आहे. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा, म्हणजे लॉग, बांधून तो पाण्यात टाकीत आणि ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या त्यावरून जहाजाचा वेग काढीत. तो वेग ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक झाली. वेगाचे नॉट हे मापही त्याच गाठींवरून पडले.

२९ मे २०१३ रोजी नेमेथ नीन्या या १९२८ साली बांधलेल्या लाकडी स्कूनरवरून न्यूझीलंडमधील ओपुआ येथून ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसलकडे निघाल्या. नौकेवर एकूण सात जण होते. टास्मान समुद्रात तिला मोठ्या वादळाने गाठले. नेमेथ यांनी उपग्रह दूरध्वनीवरून न्यूझीलंडमधील एका हवामानतज्ज्ञाशी संपर्क साधून वादळातून बाहेर पडण्याचा मार्ग विचारला. ४ जूननंतर नौकेचा संपर्क तुटला. नेमेथ यांचा ७३ वा वाढदिवस तेव्हा तीन दिवसांवर होता.

न्यूझीलंडने आपल्या इतिहासातील मोठ्या शोधमोहिमांपैकी एक हाती घेतली. विमानांनी विस्तीर्ण समुद्र धुंडाळला, परंतु नौकेचा तुकडाही सापडला नाही. जुलैच्या आरंभी एक वेगळीच गोष्ट उजेडात आली. ४ जून रोजी नौकेवरून पाठवलेला एक लघुसंदेश पलीकडे पोहोचलाच नव्हता, तो उपग्रह कंपनीच्या संगणकात पडून होता. आदल्या रात्रीच्या वादळात शिडे फाटली आहेत, नौका उघड्या डोलकाठ्यांवर चार नॉट वेगाने वायव्येकडे चालली आहे आणि संध्याकाळी सहा वाजता पुढील दिशा कळवली जाईल, असा त्याचा आशय होता. नौका पहिल्या तडाख्यातून बचावली होती, हे त्यावरून महिनाभराने कळले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारी शोध स्थगित झाला. नातेवाइकांनी मात्र खाजगी खर्चाने तो पुढे काही काळ चालू ठेवला. संध्याकाळचा संदेश कधीच मिळाला नाही.

ग्रंथाची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी सहलेखकांनी नेमेथ यांना आदरांजली वाहिली असून लेखकांच्या यादीत त्यांचे नाव पूर्वीप्रमाणेच पहिले आहे. नोंद-फायलींचे प्रकरण तिच्यात नव्याने लिहिले गेले आहे आणि जुन्या सिसलॉगच्या जोडीला लिनक्सवरील जर्नल या नव्या नोंदव्यवस्थेची माहिती त्यात आली आहे.