आग्नेस पॉकेल्स

आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं एक अत्यंत पातळ पडदा असतो. पेशीच्या आंत काय यावें व बाहेर काय जावें, हें बहुतांशीं त्याच्यावर अवलंबून असतें. या पडद्याची रचना उमगण्यास ज्या साधनाचें साहाय्य झालें, त्याचें मूळ एका जर्मन स्त्रीच्या घरगुती प्रयोगांत आहे. तिचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आग्नेस पॉकेल्स बाईंचा जन्म ता. १४ फेब्रुवारी १८६२ रोजीं व्हेनिस येथें झाला. वडील लष्करी अधिकारी होते. हिवतापानें त्यांची प्रकृति ढासळल्यामुळें १८७१ सालीं हें कुटुंब जर्मनींतील ब्राउनश्वाइग शहरीं येऊन राहिलें. शाळेंत बाईंस पदार्थविज्ञानाची गोडी लागली. परंतु त्या काळीं तेथील विश्वविद्यालयांचीं द्वारें स्त्रियांस बंद होतीं. धाकटा बंधु फ्रीडरिक गॉटिंगेन येथें शिकून शास्त्रज्ञ झाला. बाईंच्या वाट्यास स्वयंपाकघर व मातापितरांची शुश्रूषा आली.

तथापि जिज्ञासेस कोण बंदी घालणार? बंधूनें पुरविलेले ग्रंथ वाचून त्यांनीं घरींच प्रयोग चालविले. ७० सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद असें पत्र्याचें उथळ पात्र त्यांनीं पाण्यानें कांठोकांठ भरलें व वर पत्र्याची पट्टी आडवी ठेविली. पट्टी सरकविली कीं पाण्यावरील तेलाचा तवंग दाट किंवा विरळ होई. त्याबरोबर पृष्ठभागाचा ताण किती बदलतो, हें त्या लहानशा तराजूनें मोजीत.

१८९१ च्या जानेवारींत त्यांनीं आपले निष्कर्ष इंग्लंडांतील लॉर्ड रॅले यांस पत्रानें कळविले. रॅले स्वतः याच विषयावर संशोधन करीत होते. तरीही त्यांनीं उदारपणें तें पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडिलें व मार्चमध्यें तें बाईंच्या नांवें प्रसिद्ध झालें.

पुढें अमेरिकेंतील लँगम्यूर यांनीं हें साधन सुधारलें. १९२५ सालीं हॉलंडांतील गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य काढून तशाच पात्रांतील पाण्यावर पसरलें. त्याचा विस्तार पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट भरला. म्हणून पडदा दुपदरी असावा, असें अनुमान त्यांनीं काढिलें. पुढें तें खरें ठरलें. पाण्याशीं सख्य असलेलीं रेणूंचीं टोकें दोहों बाजूंस बाहेर, व पाणी टाळणारीं शेपटें आंत, अशी ही रचना आहे. प्राणवायु तींतून सहज पार होतो. क्षार व साखर यांस मात्र पडद्यांतील प्रथिनांचीं द्वारें लागतात.

१९३२ सालीं ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यालयानें बाईंस डॉक्टर ही सन्मानदर्शक पदवी अर्पण केली. ता. २१ नोव्हेंबर १९३५ रोजीं त्या निवर्तल्या.

साधनें नाहींत म्हणून थांबूं नये, हा बोध विद्यार्थ्यांनीं घ्यावा. पालकांस मात्र आमची निराळी विनंती आहे. प्रत्येक आग्नेसला रॅले भेटतोच असें नाहीं. म्हणून घरांतील मुलीची जिज्ञासा प्रथम आपणच ओळखावी.