रहस्यकथांचा कठोर परीक्षक

नव्या रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणे वृत्तपत्रांत येतात ती बहुधा पानाच्या तळाशी, चार ओळींत आटोपलेली. खून कोणी केला हे सांगावयाचे नाही, कथानक उत्कंठावर्धक आहे एवढे म्हणावयाचे आणि मोकळे व्हावयाचे, अशीच रीत पडून गेली आहे. हा प्रकार म्हणजे घटकाभराची करमणूक, त्याला साहित्याचे निकष कशाला लावावयाचे, हा समज त्यामागे असतो. तो ज्यांनी मानला नाही त्यांत डॅशिएल हॅमेट या अमेरिकन लेखकाचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ‘माल्टीज फाल्कन’चा कर्ता म्हणून तो जगाला ठाऊक आहे. पण तो आपल्या काळातील रहस्यकथांचा अत्यंत कठोर परीक्षकही होता, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. वास्तविक त्याच्या आयुष्याची किल्ली तेथेच सापडते.

हॅमेटचा जन्म मेरीलँड राज्यात 1894 मध्ये झाला. घरची ओढगस्त असल्यामुळे कोवळ्या वयातच शाळा सुटली आणि मिळेल ते काम करणे भाग पडले. 1915 मध्ये तो पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला लागला. माणसांचा पाठलाग करणे, तासन् तास एखाद्या दारावर नजर ठेवणे, चोर, भामटे आणि त्यांचे प्रतिष्ठित आश्रयदाते यांना जवळून पाहणे, हे त्याचे शिक्षण ठरले. संप मोडून काढण्यासाठी कारखानदार आणि खाणमालक याच संस्थेची माणसे भाड्याने घेत, हेही त्याने पाहिले. 1918 मध्ये तो सैन्यात दाखल झाला. तेथे इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्याला गाठले आणि मागोमाग क्षयाने. रुग्णालयात भेटलेल्या परिचारिकेशी त्याने 1921 मध्ये विवाह केला आणि सॅन फ्रान्सिस्कोत संसार थाटला. परंतु ढासळलेल्या प्रकृतीला गुप्तहेराची दगदग झेपेना. नोकरी सोडून त्याने लेखणी हाती घेतली ती पोटासाठी.

‘ब्लॅक मास्क’ हे स्वस्त कागदावर छापले जाणारे मासिक त्याचे व्यासपीठ झाले. 1923 पासून त्याचा निनावी, स्थूल, मध्यमवयीन गुप्तहेर तेथे वावरू लागला. या नायकाजवळ अलौकिक तर्कशक्ती नव्हती; होती ती चिकाटी आणि धंद्याची जाण.

1927 मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साहित्यविषयक साप्ताहिकाने नव्या रहस्यकथांच्या परीक्षणाचे काम हॅमेटकडे सोपविले. एस. एस. व्हॅन डाइन या लेखकाच्या पहिल्या कादंबरीचा तेव्हा बराच बोलबाला होता. तिचा विद्वान, चोखंदळ नायक वाचकांना मोहवीत होता. हॅमेटने दाखवून दिले की, पोलिसांना त्यांचे नेहमीचे प्राथमिक काम लेखकाने करू दिले असते तर या गुन्ह्याचा उलगडा तात्काळ झाला असता. नायकाची बुद्धी चमकावी म्हणून इतरांना मूर्ख बनविणे ही त्याच्या मते कला नसून लबाडी होती. पुढे 1930 मध्ये ‘न्यूयॉर्क इव्हनिंग पोस्ट’मधील आपल्या सदरात त्याने रहस्यकथाकारांना काही धडेच दिले. रिव्हॉल्व्हर आणि स्वयंचलित पिस्तूल यांतील फरक आधी समजून घ्या; ज्या आघाताने माणूस बेशुद्ध होतो तो आघात त्याला जाणवत नाही, हे ध्यानात ठेवा; अशा त्या साध्या सूचना होत्या. वरवर पाहता हा क्षुल्लक तपशील वाटेल. तथापि ज्या गोष्टीची माहिती नाही ती माहीत असल्याचा आव आणू नये, हा त्यामागील आग्रह क्षुल्लक नव्हता.

याच निकषावर त्याने स्वतःचे लेखन घासून घेतले. ‘रेड हार्वेस्ट’मधील भ्रष्ट खाणनगरी, ‘माल्टीज फाल्कन’मधील सॅम स्पेड आणि ‘ग्लास की’मधील राजकारणी दलाल हे सारे 1929 ते 1931 या अवघ्या तीन वर्षांत अवतरले. 1934 मध्ये ‘थिन मॅन’ प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर 27 वर्षे जगूनही त्याने एकही कादंबरी पूर्ण केली नाही. हॉलिवूडचा पैसा, मद्य आणि आजार ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पत्नी आणि दोन मुलींपासूनही तो दूर गेला होता. त्याला साधुपुरुष ठरविण्याचे कारण नाही. पण सिद्ध झालेला साचा पुनःपुन्हा वापरून ग्रंथांचा रतीब घालणे त्याला सहज शक्य होते, ते त्याने केले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

1942 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांनिशी तो साधा शिपाई म्हणून पुन्हा सैन्यात गेला आणि अल्यूशियन बेटांवर सैनिकांसाठी दैनिक चालवू लागला. युद्ध संपले आणि अमेरिकेत कम्युनिस्टांविषयीच्या भीतीचे पर्व सुरू झाले. हॅमेट डाव्या चळवळीत उघडपणे वावरत होता. ज्या निधीतून कम्युनिस्ट पुढाऱ्यांना जामीन दिला गेला त्याचा तो एक विश्वस्त होता. 1951 मध्ये त्यांपैकी चौघे फरारी झाले तेव्हा न्यायालयाने त्याला निधीच्या देणगीदारांची नावे विचारली. त्याने उत्तर देण्याचे नाकारले आणि सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. त्याला ती नावे मुळी ठाऊकच नव्हती, असे त्याची दीर्घकाळची सहचरी, नाटककार लिलियन हेलमन हिने पुढे लिहून ठेवले. तसे असेल तर एका वाक्यात त्याची सुटका होती. ते वाक्य त्याने उच्चारले नाही.

तुरुंगातून तो बाहेर आला तोवर त्याच्या पात्रांवरील नभोवाणीचे कार्यक्रम बंद पडले होते; थकलेल्या करापोटी सरकारने त्याच्या मिळकतीवर टाच आणली होती. 1953 मध्ये त्याला सिनेटर मॅकार्थी यांच्या समितीपुढेही उभे राहावे लागले. प्रश्न होता तो परदेशांतील अमेरिकन ग्रंथालयांत त्याची पुस्तके का असावीत, हा. विचारांशी लढावयाचे झाल्यास लोकांच्या हाती कोणतेच पुस्तक न देणे उत्तम, असे शांतपणे सुचवून त्याने समितीचा डाव तिच्याच अंगावर उलटविला.

10 जानेवारी 1961 रोजी न्यूयॉर्कमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने हॅमेटचे निधन झाले. ज्या सरकारने त्याला गजाआड धाडले त्याच सरकारच्या आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत, दोन महायुद्धांचा सैनिक म्हणून, त्याला जागा मिळाली.

रहस्यकथेत अखेरच्या पानावर अपराध्याचे नाव उघड होते. हॅमेटने ती कला पूर्णत्वास नेली, पण स्वतःच्या आयुष्यातील कसोटीच्या क्षणी त्याने कोणाचेही नाव घेतले नाही. आपल्याला जे ठाऊक आहे तेच लिहावे, हा त्याचा परीक्षक म्हणून निकष होता. जे बोलल्याने दुसऱ्याचा घात होईल ते बोलू नये, हा त्याने माणूस म्हणून पाळलेला दंडक. नव्या रहस्यकथांची उंची मोजणाऱ्यांनी यांतील पहिला निकष अवश्य वापरावा. दुसरा मात्र लेखकांपुरता मर्यादित नाही.